खाडे वजा जाता

कीर्ती कॉलेजच्या प्रवेश अर्जात मुंबईतला पत्ता लिहायचा होता. 1979 च्या जूनमध्ये काकांनी सांगितलं तसा मी तो लिहिला: आमच्या गावच्या मंडळाचं नाव, बीडीडी चाळ, डिलाईल रोड, मुंबई 400013. खिडकीपलीकडच्या कारकुनाने विचारलं, "खोली कुणाच्या नावावर?" मी म्हटलं, "गावाच्या." त्याला त्यात नवल वाटलं नाही. लोअर परळ, लालबाग, वरळीकडून येणाऱ्या पुष्कळ पोरांचा पत्ता तेव्हा असाच असायचा.

माझा पुतण्या हल्ली असल्या खोलीला पीजी म्हणतो. म्हणू दे.

नारायण सुर्व्यांनी 1966 साली 'माझे विद्यापीठ' हा संग्रह काढला आणि गिरणगावात शिकलेल्या माणसाच्या आठवणींना शोभेल असं सर्वांत चांगलं शीर्षक आधीच वापरून टाकलं. माझी अडचण त्याहून वेगळी आहे. सुर्व्यांचं विद्यापीठ रस्त्यावरचं आणि कामगारांतलं. माझं विद्यापीठ खरोखरच फोर्टातलं, राजाबाई टॉवरच्या पायथ्याचं, शिक्क्याचं आणि पदवीदानाचं. त्या विद्यापीठाचं चर्चगेटला वसतिगृहही होतं, पण तिथे आपल्याला खाट मिळेल हा विचार आजऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला शिवणं शक्य नव्हतं. मला राहायला जागा, जेवायला ताट आणि वाचायला दिवा दिला तो गिरणीत साच्यांवर विणणाऱ्या आणि त्रासनात सूत कातणाऱ्या माणसांनी, आणि त्यांच्यातले बरेचजण चौथीच्या पुढे गेलेले नव्हते. हे देणं आहे एवढं तेव्हाही कळत होतं. कुणाचं किती, हा हिशोब मात्र मी अजून करतो आहे. त्यातलं एक खातं पुरतं मिटलेलं आहे. ते कसं मिटलं ते पुढे सांगतो.

आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या आमच्या मुलखात गावाच्या मुंबईतल्या खोलीला 'गाळा' म्हणतात. गावातले वीस-पंचवीस पुरुष गिरणीत, बायकापोरं गावी, आणि सगळ्यांनी वर्गणी काढून धरलेली एक खोली. बीडीडी चाळी 1920 च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, त्या खात्याची ती तीन अक्षरं. डिलाईल रोडला अशा 32 चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक अंधारा बोळ, संडास सामाईक. खोली 160 चौरस फुटांची.

160 चौरस फुटांत पंचवीस माणसं कशी राहतात, हे बाहेरच्या माणसाला कोडं वाटतं. ते कोडं गिरणीचा भोंगा सोडवत असे. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. एकाची वळकटी गुंडाळली जायची तेव्हा दुसऱ्याची उलगडायची. वर माळ्यावर पत्र्याच्या पेट्यांची रांग, पेटीवर रंगाने लिहिलेलं नाव, गाव, तालुका. पेटीखालची तेवढी जागा आणि भिंतीतली एक खुंटी, एवढी प्रत्येकाची मालमत्ता. उन्हाळ्यात निम्मी माणसं गच्चीवर किंवा फुटपाथवर झोपायची, पावसाळ्यात मात्र सगळी आत, आणि तेव्हा कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागे.

या गर्दीला शिस्त होती. महिन्यातून एका रविवारी मंडळाची बैठक होई, तिचं इतिवृत्त वहीत लिहिलं जाई, वर्गणी चुकवणाऱ्याचं नाव मोठ्याने वाचलं जाई. दारू पिऊन आत पाऊल टाकायचं नाही. पत्त्यांवर पैसे लावायचे नाहीत. रातपाळीचा माणूस झोपलेला असताना रेडिओ लावायचा नाही. दंडाचे पैसे गावच्या देवळाच्या फंडात. या सगळ्यावर नजर ठेवायला नाना होते. ते गाळ्यातले सर्वांत जुने, खोलीची भाडेपावती त्यांच्या नावावर. पुढे कॉलेजच्या मित्रांकडून वसतिगृहाच्या रेक्टरांच्या गोष्टी ऐकल्या, तेव्हा लक्षात आलं की त्यांच्यातला एकही नानांइतका कडक नव्हता आणि एकही रात्री बारा वाजता दुसऱ्या पाळीवरून येऊन विद्यार्थ्याची वही चाळत नव्हता. नानांना वाचता जेमतेम येई. ते पानं मोजत.

मंडळाच्या जुन्या वहीत एक ठराव होता. गावचा मुलगा कॉलेजात शिकत असेल तर त्याला भाडं आणि वर्गणी माफ. एकदा नापास झाला तर चालेल, दुसऱ्यांदा झाला तर इतरांसारखं पूर्ण भाडं. मी तो ठराव पुनःपुन्हा वाचला होता, कारण त्यात परतफेडीबद्दल एक शब्दही नव्हता. शेवटी धीर करून विचारलं, "नाना, नोकरी लागल्यावर किती द्यायचं असतं?"

"आदी पास हो," नाना म्हणाले. मग तंबाखू मळता मळता म्हणाले, "ते लिवलं न्हाई म्हणून बरं हाय. लिवलं की माणूस तेवढंच देतो."

मला जागा मिळाली ती दाराजवळची. गाळ्यात दाराजवळची जागा वाऱ्याची, म्हणून मानाची. ती एका वयस्क साचेवाल्याची होती. त्याने ती बैठकीत आपण होऊन सोडली आणि तो मोरीकडे सरकला. कारण त्याने असं दिलं की पोरगं रात्री पाठांतर करणार, इतरांची झोपमोड होईल, बोळाकडे तोंड करून बसलं तर बरं. शिवाय आपल्याला नाहीतरी कमीच ऐकू येतं. ते खरं होतं. शेकडो साच्यांच्या खडखडाटात उभी हयात काढलेल्या माणसांचे कान बहुधा असेच जात. खोलीत बल्ब एकच. पहिल्या पाळीवाल्यांना रात्री दहाला अंधार हवा, मला उजेड. काकांनी 'नवाकाळ'च्या जाड घडीची टोपी करून दिव्याला अशी बांधली की उजेड फक्त माझ्या मांडीवर पडावा. अर्थशास्त्राची सगळी पुस्तकं मी त्या गोल उजेडात वाचली. दिवसा रातपाळीवाले झोपलेले असायचे, तेव्हा काकांच्या ओळखीवर कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात बसायचो.

लोअर परळला हे नवीन नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुभेदार रामजी आंबेडकर मुलांना घेऊन इथल्याच डबक चाळीत एका खोलीत राहत. भीमरावाला ते आधी झोपवत, स्वतः जागत बसत, आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या रिकाम्या जागेवर आपण आडवे होत. धनंजय कीरांच्या चरित्रात हे आलेलं आहे. 1907 साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. बापाने मुलासाठी झोप वाटून घ्यावी हे समजू शकतं. आमच्या गाळ्यात ज्यांनी ती माझ्यासाठी वाटून घेतली, त्यांच्यात माझ्या रक्ताचे एकटे काका होते.

गाळ्यात मला नावाने कुणी हाक मारत नसे. "ए कॉलेज, पेपर वाच." "कॉलेज, हा फारम भर." सकाळी पहिल्या पाळीची माणसं गेली की उरलेल्यांना 'नवाकाळ'चा अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवायचा, हे माझं काम. आणि दहा तारखेला पगार झाला की मनीऑर्डरी. डिलाईल रोडच्या पोस्टातून गठ्ठाभर फॉर्म आणून मी जिन्याच्या पायरीवर बसायचो आणि एकेकजण येऊन बसायचा. फॉर्मच्या तळाशी निरोपाला चार बोटं जागा असायची. पावसाच्या आत कौलं शेकारून घ्या. बैलाला पेंड कमी करू नका. म्हातारीला आजऱ्याला डाक्टरकडं न्या, पैशाकडं बघू नका. एकाने थोरल्या मुलीला शाळेतून काढायचं लिहायला सांगितलं. मी पेन हातात घेऊन नुसता बसून राहिलो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बरं, र्‍हाऊ दे. लिव, औंदा र्‍हाऊ दे." चार बोटांत किती मावतं, हे मी त्या पायरीवर शिकलो. पुढे तीस-बत्तीस वर्षं सरकारी टिप्पण्या लिहिताना मला त्याचाच उपयोग झाला, कॉलेजातल्या निबंधलेखनाचा नाही.

शिकवणी दोन्ही बाजूंनी होती. तिसऱ्या वर्षाला कामगार अर्थशास्त्र होतं. पुस्तकात 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावर जेमतेम दीड पान. तेच गाळ्यात विचारलं की रात्र सरायची. धंद्यात मान्यता एकाच युनियनला, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. मालकाशी बोलायचा हक्क तिचा, मग कामगाराला ती पटो वा न पटो. 'बदली' म्हणजे काय, हे तर पुस्तकात नव्हतंच. पाळीच्या वेळेला गिरणीच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं, कुणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर काम, नाहीतर परत. आमच्यातला एकजण कितीतरी वर्षं बदलीच होता. गावी सगळे त्याला मुंबईचा नोकरदार समजत.

आता मावशी.

मंडळ भाडं माफ करी, जेवण करत नसे. नाना याबाबत स्वच्छ होते: खोली गावाची आहे, ती आम्ही देऊ शकतो, चूल दुसरीची आहे. ती दुसरी म्हणजे पलीकडच्या खाजगी चाळीत तळमजल्यावर खाणावळ चालवणारी मावशी. तिचा नवरा त्रासनात होता, छातीच्या दुखण्याने गेला. मागे दोन मुली आणि दहा बाय बाराची खोली. त्या खोलीत ती वीस-बावीस माणसांचं दोन वेळचं रांधत असे. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा, कारण पहिल्या पाळीच्या डब्यांना भाकरी सहाच्या आत लागायची. मग दुसऱ्या पाळीवाल्यांचं जेवण, मग संध्याकाळचं, आणि दुसरी पाळी सुटून बारा वाजता येणाऱ्यांची झाकून ठेवलेली ताटं. ती झोपायची कधी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. गिरणीच्या तिन्ही पाळ्या करणारी त्या चाळीत ती एकटीच होती.

भाकरी, आमटी, एक सुकी भाजी, भात. बुधवारी आणि रविवारी वशाट, नाहीतर सुकट. लिहून ठेवायला हरकत नाही की तिची आमटी पातळ असे, आणि वीस तारखेनंतर ती आणखी पातळ होई. पगाराची तारीख जिभेवर कळायची. कुणी त्यावर बोललं तर मावशी म्हणायची, "तुजा पगार दाट कर, आमटी आपसूक दाट हुईल." पण भाकरी कधी मोजून वाढली नाही. रेशनच्या आणि रॉकेलच्या रांगेत आम्ही पोरं आळीपाळीने तिच्यासाठी उभे राहायचो. ते कुणी सांगावं लागत नसे.

खाणावळीचा कणा म्हणजे खाडा. गावी जायचं आहे, पाहुण्याकडे जेवण आहे, उपास आहे, तर आदल्या रात्री सांगायचं. तेवढ्या वेळा महिन्यातून वजा. न सांगता जेवायला आला नाहीत तर ताट तुमच्या नावावर. भिंतीवर 'कालनिर्णय' टांगलेलं असायचं. 1973 पासून निघणारं ते कॅलेंडर तोवर घरोघर पोचलं होतं. मावशीला लिहिता येत नव्हतं, पण तिने प्रत्येक माणसाला एक खूण दिली होती. कुणाला उभी रेघ, कुणाला फुली, आजऱ्याच्या एका थोराड गड्याला बैलाची शिंगं. माझी खूण चौकोन. ते म्हणे पुस्तक. ज्या तारखेच्या घरात ज्याची खूण, त्याचा त्या दिवशी खाडा. (कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पाककृती छापलेल्या असत. त्या मावशीला कुणी वाचून दाखवल्या नाहीत, आणि ते बरंच झालं.)

महिन्याअखेर या खुणा वहीत उतरवून प्रत्येकाचा हिशोब लिहायचं काम तिने माझ्यावर टाकलं. मला वाटलं, आता आपल्याला जेवणात थोडी सूट मिळेल. मावशीने दर महिन्याला हिशोबाचे पाच रुपये माझ्या हातावर ठेवले आणि त्याच हाताने माझ्या जेवणाचे पूर्ण पैसे मोजून घेतले. ते पैसे तेव्हा काका भरत. ती दोन कामं वेगळी होती आणि तिने ती कधी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. मला ते तेव्हा हिशोबीपणाचं वाटलं. आता वाटतं की इतक्या सभ्यपणे मला पुढे कुठल्याच कचेरीत कुणी वागवलं नाही.

हा काटेकोरपणा तिच्यात कुठून आला, याचा काही भाग मला ठाऊक आहे. खाणावळवाल्या बायका वाण्याकडून महिनाभर उधारीवर धान्य उचलत, वाणी सांगेल तो भाव आणि सांगेल ते व्याज. गिऱ्हाइकाने पगाराला हात आखडला की अंगावरचा मणी सावकाराकडे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. प्रेमाताई मूळ गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यातल्या, नंतर मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्या. गिरणी कामगारांच्या युनियनला जो आकडा मोजता येत नव्हता तो त्यांनी मोजला: कामगार पाळीवर जातो त्याच्या आधी कुणीतरी त्याची भाकरी थापलेली असते. बायकांचे गट करायचे, एकीने दुसरीला जामीन राहायचं आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून वाण्याची उधारी तोडायची. बँक ऑफ बडोदाने ही कर्जं दिली. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 साली झालं त्याचा फायदा कुणाला झाला, यावर आम्हाला परीक्षेत प्रश्न असे. मी उत्तरात शेती आणि लघुउद्योग लिहायचो, खाणावळ लिहिली नाही, कारण गाइडमध्ये नव्हती. मावशी अन्नपूर्णाची सभासद होती. तिचे हप्ते वेळेवर जात. "ब्यांकेत माजी सही न्हाई," ती सांगायची, "पन माजा अंगठा चालतो." 2002 साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचे नेते दत्ता सामंत यांचं नाव गाळ्यात आधीच्या दिवाळीपासून रोज निघत होतं, बोनसवरून गिरण्यागिरण्यांत असंतोष होता. संप दोन-चार आठवड्यांचा असं सगळे धरून चालले होते. मी रोज 'नवाकाळ' वाचून दाखवत होतो आणि ऐकणारी माणसं रोज कमी होत होती. होळीपर्यंत बरेचजण गावी गेले. काकाही गेले. जाताना आपली पेटी त्यांनी मला सांभाळायला दिली. एप्रिलमध्ये माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा. दिव्यावरची कागदाची टोपी काढून टाकली, कारण उजेडाची अडचण व्हायला कुणी उरलं नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा अख्खी खोली मला मिळाली आणि नेमकं तेव्हाच वाचवेना. भोंगे बंद होते. मला वेळ कळायची ती भोंग्यावर, आता पहाटे उठायला गजराचं घड्याळ मागून आणावं लागलं.

मावशीची खाणावळ बावीस ताटांवरून पाच-सहावर आली. गावी गेलेल्यांपैकी कित्येकांची मागची बाकी तशीच राहिली. काहींनी पुढे वर्षा-दोन वर्षांनी पाठवली, काहींकडे पाठवायला काही नव्हतं. वहीत ती नावं माझ्याच अक्षरात आहेत, म्हणून सांगतो. तिने फोर्टातल्या एका कचेरीच्या कँटीनला पोळ्या करून द्यायचं काम धरलं. मुली डबा घेऊन लोकलने जात. मी तिला सांगायला गेलो की काकांचा पगार बंद आहे, बाबांकडून काही येईल असं नाही, मी दुपारचं जेवण सोडतो. ती पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "परीक्षा कवा?" मी म्हटलं, "एप्रिलात." "मग एप्रिलात बोलू. आणि तुजं पान आता लिवू नगंस, कागुद वाया."

मी माझं पान लिहायचं थांबवलं. जून उजाडला, निकाल लागला, पास झालो. शिकवण्या धरल्या, अर्ज केले. 1983 च्या मध्यात सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. संप कुणी मागे घेतला नाही, तो विरत गेला. एवढ्या काळात मी मावशीकडे जेवत होतो आणि माझ्या पानावर काही नव्हतं.

नोकरी कायम झाल्यावर मी मनाशी एक आकडा धरला, वर थोडी भर घातली, पाकिटात घातलं आणि एका रविवारी तिच्याकडे गेलो. सोबत बाबांनी पाठवलेला घनसाळ होता. आजऱ्याचा हा तांदूळ शिजला की शेजारच्या घराला कळतं. काय बोलायचं याची मी तयारी केली होती. ती वाया गेली. मावशीने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, मुलीला म्हणाली, "फळीवरनं कॅलिंडरं काड." 1982 आणि 1983 ची दोन्ही कालनिर्णयं निघाली. महिन्यामागून महिना तारखांच्या घरांत तुरळक चौकोन होते. गणपतीला गावी गेलो होतो ते. मित्राच्या बहिणीच्या लग्नाला पालघरला गेलो होतो ते. तोंडी परीक्षेला उशीर झाला म्हणून वडापाव खाऊन परतलो आणि आदल्या रात्री तसं सांगून ठेवलं होतं, तेसुद्धा. पान लिहायचं तिने मला थांबवलं होतं, खाडे टाकायचं स्वतः थांबवलं नव्हतं.

"खाडे वजा केलंस?" तिने विचारलं.

आम्ही बसून हिशोब केला. दर तिने जुनाच लावला, संपाआधीचा. खाडे वजा जाता जी रक्कम निघाली ती पाकिटातल्या पैशांपेक्षा बरीच कमी होती. उरलेल्या नोटा तिने माझ्यासमोर सरकवल्या. मी म्हटलं, "राहू द्या मावशी, मुलींना होतील." ती म्हणाली, "मी खानावळ चालवते रं, देऊळ न्हवं." तांदूळ मात्र तिने ठेवून घेतला. घनसाळ मुंबईत विकत मिळत नाही, म्हणून तो चालतो, असं तिचं म्हणणं.

ते खातं असं मिटलं. मावशी पुढे धाकटीकडे विरारला गेली, तिथेच वारली. तिच्या बाबतीत आज माझ्या मनाला रुखरुख नाही. तिने ती राहूच दिली नाही.

बाकीच्यांचं तसं नाही. दाराजवळची जागा देणारा साचेवाला संपानंतर मुंबईला परतला नाही. गावी गेलो की भेट व्हायची. त्याला साधं बोललेलं ऐकू येत नसे आणि मला ओरडून आभार मानता येत नसत. त्याच्या अंगणात बसून आम्ही दोघं काजूच्या झाडाकडे बघायचो. काकांना मी काय दिलं, तर दवाखान्याची बिलं. आणि काकांच्याही आधी जिचं नाव यायला हवं ती काकू. पंचवीस पुरुष मुंबईत एका खोलीत राहू शकत होते, कारण पंचवीस बायका गावी एकट्याने नांगरट, मळणी, सासूसासरे आणि पोरं ओढत होत्या. गाळ्यात माझ्या डोक्यावर जळणारा बल्ब तिच्या वाट्याच्या मनीऑर्डरीतून कापलेल्या वर्गणीवर जळत होता. ती एकदाही डिलाईल रोडला आली नाही. गाळ्यात बाईमाणसाला जागा नव्हती.

ना. म. जोशी मार्ग असं त्या रस्त्याचं नाव कधीचंच झालं आहे. आम्ही अजून डिलाईल रोडच म्हणतो. खरं तर जोशींचं नाव त्याला शोभणारं आहे, 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयं चालवणारा तो माणूस. फिनिक्स गिरणीचा मॉल झाला ते सगळ्या मुंबईला माहीत आहे. 2012 साली गिरणी कामगारांसाठी म्हाडाची मोठी सोडत निघाली. त्यात आमच्या गाळ्यातल्या कुणाचं नाव निघालं नाही. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन 2017 मध्ये झालं. 160 फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर मिळणार आहे. इथे पुष्कळ गावांचे गाळे फुटले. पावती एकाच्या नावावर, वर्गणी पंचवीसजणांची. पावतीवाला वारला, वारस म्हणाले, खोली आमच्या बापाची. कज्जे झाले. आमचं तसं झालं नाही, कारण नानांनी मरण्याआधी स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवलं की पावती माझी असली तरी खोली गावाची, आणि त्यांच्या मुलांनी ते पाळलं. त्या घराची आजच्या लोअर परळमधली किंमत लक्षात घेता हे लहान काम नाही.

मंडळाच्या कमिटीत आता मी आहे. बहुतेकजण निवृत्त, निम्मे डोंबिवली-बदलापूरचे. ताबा मिळाल्यावर त्या घराचं काय करायचं, यावर बैठका चालू आहेत. एक मत असं की भाड्याने द्यावं, आयटीवाले चांगले पैसे देतात, त्यातून गावच्या शाळेचं छप्पर होईल. दुसरं मत, माझ्यासह चौघांचं, की जुना ठराव चालू ठेवावा आणि मुंबईत नर्सिंगला, फार्मसीला, स्पर्धा परीक्षांना येणाऱ्या गावच्या पोरांना तिथे ठेवावं. जुन्या ठरावात 'मुलगा' असा शब्द आहे. तो बदलून 'मुलगा किंवा मुलगी' करावा अशी दुरुस्ती मी मांडली. तीवर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला, कारण एकाच घरात दोघांची सोय कशी, हा प्रश्न खरा होता. शेवटी आतली खोली मुलींची, बाहेरची मुलांची, आणि गावातली एक जाणती बाई पगारावर राहील, असं ठरून ती मंजूर झाली.

त्याच बैठकीत आमच्या खजिनदाराने नवं कलम सुचवलं: नोकरी लागल्यापासून तीन वर्षांत विद्यार्थ्याने राहण्याचा खर्च मंडळाला परत करावा. खजिनदार सज्जन आहे, त्याचा मुद्दा हिशोबाला धरून आहे, आणि बऱ्याचजणांना तो पटला. मी विरोध नोंदवला. तो इतिवृत्तात आला आहे. मतदान दिवाळीनंतरच्या बैठकीत आहे, आणि गेल्या दोन्ही वेळा गणपूर्ती झाली नव्हती, म्हणून मी सध्या रोज दोघा-तिघांना फोन करून यायला सांगतो आहे.